गुरुवारी स्लाऊला

लंडनच्या कडेला, पिनरला, स्टेशनजवळ एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. खाली ड्रिलचा आवाज सुरू झाला की माझा पेशंट बोलायचा थांबतो आणि आम्ही दोघंही जमिनीकडे बघत बसतो. दारावरच्या पाटीवर मी स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही, इथे तसं म्हणवून घेता येत नाही. पुण्यात आयुर्वेद शिकले, तिथे काही वर्षं प्रॅक्टिस केली, मग नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इकडे आले. आपली माणसं मात्र पाटी वाचत नाहीत. ती आत येताच "डॉक्टर, जरा बघता का" म्हणून हात पुढे करतात.

येणारे बहुतेक साधेच. आयटीतली मुलं, पित्त आणि पाठदुखी घेऊन. पाळी अनियमित असलेल्या मुली. हिवाळ्यात सांधे धरलेल्या आज्या. माझं निम्मं काम ऐकून घेण्याचं. जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, त्यांना काही मिनिटं मिळतात, माझ्याकडे ती सैल होऊन बसतात. झोप, भूक, पोट, घरातली भांडणं, सगळं विचारते. काही औषधं देते, जेवणाच्या वेळा बदलायला लावते. बऱ्याच जणांना बरं वाटतं. ज्यांचं लक्षण मला वेगळं वाटतं त्यांना मी जीपीकडे परत पाठवते.

ते काका असेच एका दुपारी काकूंबरोबर आले. स्लाऊहून. बोलत होत्या काकूच. कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात आयुष्य काढून रिटायर झालेल्या, नेमक्या बोलणाऱ्या.

"यांच्या डाव्या हातात वात आलाय. शर्टाचं बटण लागत नाही. लाटणं सुटतं हातातून."

"लाटणं?" मी विचारलं.

काका हसले. "स्वयंपाक माझ्याकडे आहे आमच्या घरात. हिला चहासुद्धा येत नाही."

"येतो चहा," काकू म्हणाल्या.

काका मूळचे नाशिकचे. तरुणपणी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्नाआधी चार मुलं मिळून एका खोलीत राहायची, तेव्हा हातात झारा आला तो आलाच. मंडळाच्या गणपतीचे मोदक त्यांचे. अळूचं फदफदं खायला लोक थेट मिल्टन कीन्सहून गाडी काढून यायचे, असं त्यांनी मला त्या पहिल्याच भेटीत ऐकवलं.

मी हात हातात घेतला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग आत गेला होता, तिथे खळगा पडला होता. दंडावर कातडीखाली काहीतरी बारीक उडत होतं. मी नाडी बघितली, मग जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेच्या पाठीवरही तीच हालचाल, कातडीखाली मुंग्या चालाव्यात तशी. शिकत असताना हॉस्पिटलच्या ड्युटीत एकदा एक पेशंट दाखवला होता आम्हाला, म्हातारा शिक्षक. तशी जीभ पुन्हा बघायला मिळू नये असं तेव्हा वाटलं होतं.

"जिभेला काय झालंय?" काकूंनी लगेच विचारलं.

"जीपीने न्यूरोलॉजीकडे पाठवलंय ना? अपॉइंटमेंट कधी आहे?"

"अजून कित्येक महिने आहेत. वेटिंग लिस्ट."

मी जीपीसाठी चिठ्ठी लिहून दिली, लवकर बघा म्हणून. औषध काही दिलं नाही. जाताना काकूंना ते खटकलं. जिना उतरताना त्यांचा आवाज वर आला, "एवढ्या लांब येऊन नुसती चिठ्ठी."

पुढे सगळं झालं. तपासण्या, सुया टोचून स्नायूंची परीक्षा, आणि एका बंद खोलीत टिश्यूचा डबा पुढे ठेवून कन्सल्टंटने सांगितलेलं नाव. मोटर न्यूरॉन डिसीज, एकेक स्नायू निकामी करत जाणारा. ते दोघं पुन्हा माझ्याकडे आले तेव्हा काकांच्या डाव्या मनगटाला पट्टा होता आणि बोलणं किंचित जड झालं होतं, दाढेत सुपारी धरून बोलल्यासारखं.

"त्यांनी हात वर केले," काकू म्हणाल्या. "आता तुम्हीच."

"काकू, हे मला बरं करता येणार नाही."

"थांबवता तर येईल?"

"नाही."

"मग थोडं तरी?"

मी नकारार्थी मान हलवली. आमच्या शास्त्रात आजारांची विभागणी शिकवतात. साध्य, कष्टाने साध्य, नुसतं सांभाळत न्यायचं ते, आणि असाध्य. असाध्य रोग्याला हात लावू नये, अपयश पदरी येतं, असंही सांगितलेलं आहे. विद्यार्थी असताना मला ते क्रूर वाटायचं. त्या दुपारी वाटलं, हे लिहिणाऱ्याने अशी कुणीतरी बाई समोर बसलेली पाहिली असेल.

"मग शिकलात कशाला एवढं?" काकू म्हणाल्या. ओरडून नाही. खरंच विचारत होत्या.

काकाच मध्ये पडले. "अगं, त्यांच्यावर काय चिडतेस." मग माझ्याकडे वळून, "तेल लावून द्याल का? हात आखडतो फार. तेवढं चालेल ना?"

"तेवढं चालेल," मी म्हणाले.

हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टला विचारून घेतलं, आणि दर गुरुवारी मी स्लाऊला जाऊ लागले. भिंतीला भिंत लागून ओळीतलं टेरेस्ड घर, पुढे छोटीशी बाग, बागेत कोथिंबीर आणि कुंडीत कढीपत्ता, तो थंडीत घरात घ्यायचा. तिळाच्या तेलात सिद्ध केलेलं औषधी तेल मी वाटीत घेऊन गरम पाण्यात ठेवायची. खांद्यापासून खाली, सांध्यांवर गोल, बोटं एकेक करून. काका डोळे मिटायचे. आखडलेला हात थोडा सैल पडायचा, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तसाच व्हायचा. मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

हातांना लवकर कळतं. गेल्या गुरुवारी जिथे दंड होता तिथे आज थोडं कमी असायचं. कुणी न सांगता मला कळायचं की उजवा हातही निघाला, मग पोटऱ्या. मी तोंडाने काही बोलत नसे. काकू माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या.

"आज बरा वाटतोय ना हात?"

"गरम आहे," मी म्हणायची. गरम तर असायचाच.

झारा काकूंच्या हाती आला. व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या दारात लावून काका सांगायचे आणि त्या करायच्या.

"मोहरी तडतडू दे. अजून. अजून. आता हिंग."

"किती?"

"चिमूट."

"चिमूट म्हणजे किती?"

काका हसायचे आणि त्यांना ठसका लागायचा, मग आम्ही दोघी धावायचो. गिळणं बिघडत चाललं होतं. स्पीच थेरपिस्टने पाण्यात घालायची पावडर दिली, पाणी खिरीसारखं घट्ट करणारी. पथ्य हा माझा विषय. मऊ भात, मुगाचं कढण, घट्ट केलेलं सार, मी सुचवत गेले. प्रत्येक गोष्ट थोडे आठवडे चालायची आणि मग तीही घशात अडकायची.

त्याच सुमाराला काकूंच्या भावाने भारतातून पार्सल पाठवलं. कुठल्याशा केंद्रात असले पेशंट चालायला लागतात असा व्हिडिओ त्याने पाहिला होता. पार्सलमध्ये कागदाच्या पुड्या. राखी रंगाची पूड, वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही.

काकूंनी एक पुडी माझ्यापुढे उघडली. "हे तुमचंच आहे ना? आयुर्वेद?"

"असेल. पण यात काय आहे ते मला सांगता येत नाही. धातू असतील. देऊ नका. निदान हॉस्पिटलला दाखवा आधी."

"तुम्ही स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही."

काका तेव्हा थोडं बोलू शकत होते. काकू आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. शब्द चिखलातून काढल्यासारखे येत होते.

"घेतो मी. तिला... काहीतरी करू दे."

"काका, त्रास होईल."

"आणखी... काय होणार?"

त्यांनी त्या पुड्या घेतल्या, मधातून. उलट्या सुरू झाल्या, उरलेलं वजनही उतरलं. मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती मिल्टन कीन्सला असते, इथेच जन्मलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत. ती त्याच दिवशी आली आणि पुड्या उचलून कन्सल्टंटकडे घेऊन गेली. त्यांनी बंद करायला सांगितलं. ते पुड्यांमुळे झालं की आजारामुळेच, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. काकूंनी मात्र धरून ठेवलं की औषध लागू पडायच्या आतच मी ते बंद पाडलं. पुढचे काही गुरुवार मला "येऊ नका, हे झोपलेत" असा मेसेज यायचा.

मग एकदा मुलीचाच फोन आला. "बाबाला पोटात नळी घातला आहे. तो तुम्हाला विचारतो. तेल."

मी गेले. काका आता पलंगावर, डोक्याशी लाळ ओढून घ्यायचं यंत्र, पोटाला नळी, स्टँडवर बाटली. बोलणं पूर्ण गेलेलं. समोर एक स्क्रीन होता, त्यावर ते डोळ्यांनी अक्षरं निवडायचे. अक्षरं इंग्रजी. मराठी शब्द ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे. मला बघून त्यांनी लिहिलं, YA. मग बऱ्याच वेळाने, BASA.

आता पथ्य सांगायला काही उरलं नव्हतं. बाटलीत काय असणार, किती वेगाने जाणार, हे डायटिशियन ठरवत होती आणि नीट ठरवत होती. काकूंनी नर्सला विचारलं होतं, यातून ताक देता येईल का, घरचं. नाही म्हणाली. त्यांनी मलाही तेच विचारलं. मीही नाही म्हणाले. मग तेल गरम करून मी हाडांवर लावत बसले, कारण तिथे आता हाडंच होती.

त्या दिवशी काकूंनी मला जेवायला थांबवलं. भांडण मिटल्याची तेवढीच खूण. आमटीला फोडणी दिली आणि वास बाहेरच्या खोलीत आला. काकांचे डोळे स्क्रीनवर हलायला लागले. काकूही बाहेर आल्या आणि आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. एकेक अक्षर येत होतं.

H. I. N. G.

काकू स्वयंपाकघरात गेल्या, डबी उघडून बघितली, परत आल्या. "विसरले," म्हणाल्या. मग पुन्हा आत जाऊन गॅस बंद केला आणि पातेलं तसंच सिंकमध्ये ओतलं. "कुणासाठी करतेय मी हे," त्या म्हणाल्या. पलंग स्वयंपाकघराच्या दारासमोरच होता, काका बघत होते. त्यांना मान वळवता येत नव्हती, त्यामुळे ते बघतच राहिले. मी न जेवता घरी आले.

हिवाळ्यात छातीत इन्फेक्शन झालं आणि ते हॉस्पिटलमध्ये गेले. व्हेंटिलेटर नको असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मुलीला माहीत होतं, काकूंना नव्हतं. ते गेल्याचा मेसेज मला आला तेव्हा मी पिनरच्या खोलीत एका मुलीचे केस का गळतात ते ऐकून घेत होते. तिचं ऐकून झालं, तिला काय खायचं ते सांगितलं, मग मेसेज पुन्हा वाचला.

तेराव्यानंतर भेटायला गेले. घरात गर्दी ओसरली होती. पलंग हॉस्पिटलवाल्यांनी नेला होता आणि त्याच्या चाकांचे खळगे कार्पेटवर राहिले होते. काकू सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या.

मी काहीबाही बोलले. काकांना त्रास फार झाला नाही वगैरे. तेही मला नक्की माहीत नव्हतं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही एकदा तरी खोटं बोलायला हवं होतं."

त्या कार्पेटवरच्या खळग्यांकडे बघत बोलत होत्या.

"आजाराचं नाव कळलं आणि लगेच नाही म्हणालात. हॉस्पिटलवाले नाही म्हणाले ते ठीक, ते परके. आपलं माणूस म्हणून मी तुमच्याकडे आले होते. थोडे महिने मला वाटू दिलं असतं की काहीतरी चाललंय, तर तुमचं काय बिघडलं असतं? यांना कळलं असतं खोटं आहे ते. ते काही बोलले नसते. मला बरं वाटलं असतं."

मला वाटत होतं की खरं सांगितलं, एवढं तरी माझ्याकडून नीट झालं. त्या खोलीत तेही नीट झाल्यासारखं दिसेना. मी म्हणाले, "मला ते जमलं नसतं, काकू."

"हो," त्या म्हणाल्या. "ते दिसलंच."

मुलगी गाडीपर्यंत सोडायला आली. स्लाऊला संध्याकाळी पडतो तसा बारीक, गार पाऊस होता आणि तिने कोट घातला नव्हता. थोडा वेळ ती शब्द जुळवत उभी राहिली.

"तुम्ही राग येऊ नका," ती मराठीतच बोलायचा हट्ट धरून म्हणाली. "पण परत येऊ नका, प्लीज. आईला तुम्ही दिसलं की सगळा परत आठवतो. ती मग जेवतच नाही."

"झोपतात का त्या?" मी विचारलं. सवयीने.

"नाही. पण तिला मी बघीन."

मी बरं म्हणाले. ती दार लावून घेईपर्यंत गाडीत बसून राहिले, मग निघाले. त्यानंतर त्या घरी गेलेले नाही.