फरीदा आपाच्या मापाची वही

आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या बायकांची खरी कुंडली ज्योतिषाकडं नाही, फरीदा आपाच्या वहीत आहे. आपा आमच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि बावीस वर्षांपासून ब्लाऊज शिवून राहिली. मी उज्वला, तिची शेजारीण. माझं काम एवढंच, तिच्या ओट्यावर बसायचं आणि गिऱ्हाइकांच्या कागाळ्या ऐकायच्या. कुणीतरी करायलाच पाहिजे ना.

वही उभट, लांब. डाव्या बाजूला माप: छाती, कंबर, बाही, गळा. उजवीकडं चार बोटं जागा उरते. दुसरे टेलर तिथं कापडाचा नमुना टाचतात. आपा तिथं माणूस टाचते. एकदा ती चहा टाकायला आत गेली आणि मी वही उघडली. उघडणारच. माझ्यापुढं ठेवली कशाला? देगलूरकडून आलेली, आमच्या गल्लीत शेवया करून विकणारी नीलम्मा, तिचं पान निघालं:

"नीलम्मा. कंबर तीस. मागच्या दसऱ्याला चौतीस होती. विचारलं नाही. गळा लहान ठेव म्हणाली. दारापर्यंत गेली. परत आली. म्हणाली, मागून कर जरा मोठा. कापड हिरवं. नवरा गेल्यापासून पहिलं हिरवं."

मी ते पान परत पहिल्यापासून वाचलं.

मी गुपचूप फोटो काढला, नीलम्माला दाखवला. "छापू का गं दिवाळी अंकात?"

"छापा की, अक्का," ती म्हणाली. "हिरवं उघड घालून फिरते, मग छापायला काय जातंय?"

आमच्या महिला वाचक मंडळाचा अंक तारामतीबाई काढतात. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढं तो फोटो ठेवून मी आपाची जरा जास्तच तारीफ केली. म्हटलं, बाई, मोठमोठ्या लेखकांच्या पंगतीत बसंल असं लिहिते. झालं! मंडळातल्या बाया ती पंगतच शोधायला लागल्या. एक म्हणाली, ज्यांचं पुस्तक आम्हाला बीएला होतं, हुबेहूब त्यांची शैली. दुसरी म्हणाली, छे, फोटोत ज्यांचे केस कायम विस्कटलेले असतात ते. तिसरीनं तर लेखकही वाचला नव्हता, पण तिला पण खात्री होती.

आपाला कळलं तेव्हा ती आधी माझ्यावर घसरली. "तुझी जबान आधीच कैची, आता हात पण? परवानगी घेतली होती का माझी?"

"नीलम्माची घेतली होती."

"हाव, आणि माझी?"

रागावली होती खरी. पण मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, हे तिला पाहिजे होतं. तिच्या दुकानाच्या पाटीवर नुसतं 'लेडीज टेलर' लिहिलंय, नाव नाही. तिनं लिहिलेल्याखाली तिचं नाव, असं आजवर कुठंच छापून आलं नव्हतं.

रविवारी तारामतीबाईंच्या घरी बैठक. आपा मशीनवरून उठून तशीच आली, गळ्यात टेप. बाईंनी चष्मा सावरला. "लिखाण चांगलंय, फरीदाबी. पण ही शैली तुमची नाही. अशी तुटक वाक्यं मोठ्या लेखकानं घडवलेली असतात. तुम्ही कळत-नकळत उचललीत. खाली 'प्रेरणा' म्हणून लेखकाचं नाव टाकू. नाहीतर उद्या कुणी चोरी म्हणंल, अंकाची इज्जत जाईल."

"कोणत्या लेखकाचं?"

"ते मंडळ ठरवंल."

मला हसू फुटलं. आपाला नाही.

"बाई, मी सातवी शिकलेली. पुस्तक घेऊन बसायला मला फुरसत कधी होती? जागा चार बोटं, म्हणून वाक्य चार बोटं. आणि माझ्या शिवणीवर दुसऱ्या टेलरचं लेबल? न्हाई लावणार. नाव छापायचं तर माझं एकटीचं. नाहीतर पान काढून टाका."

"अहो, कमीपणा नाही त्यात. इतक्या मोठ्या माणसासारखं लिहिता..."

"मी कुणासारखी लिहीत न्हाई. त्यांनीच माझ्यासारखं लिहिलं असंल, जाऊन विचारा त्यांना."

कुणाच्या तरी हातातली बशी वाजली. बाई लाल झाल्या. "मग सिद्ध करा. आत्ता, इथं."

"उभ्या राहा," आपा म्हणाली.

आणि खरंच, शाळेतल्या पोरीसारख्या तारामतीबाई उभ्या राहिल्या! आपानं टेप लावला. कुणाशी बोलली नाही, घाई केली नाही. माझ्याकडून पेन घेतला, भेळेच्या कागदामागं लिहिलं. वाचताना आवाज चढवला नाही:

"तारामतीबाई. छाती छत्तीस. टेप लावला की बाया श्वास रोखतात. मी थांबते. तिसऱ्या श्वासाला सोडतात. तेच खरं माप. उजवा खांदा अर्धा इंच वर. एकतीस वर्षं फळा. हळूच म्हणाल्या, ढगळ शिवा. आता कोण बघतंय."

ज्यांना लेखक माहीत होते, त्यांपैकी एकीलाही एक नाव आठवलं नाही. मी मुद्दाम विचारलं, "हं, आता कोणासारखं? बीएवाले की केसवाले?" सगळ्या त्या कागदाकडं बघत होत्या, माझ्याकडं रागानं बघायलाही विसरल्या.

बाईंनी तो तेलकट कागद हातात घेतला, दोनदा वाचला. "मी म्हणाले हे?"

"हाव. बाहीचं माप घेताना."

बाईंनी अंकाचं बाड ओढलं. नीलम्माच्या पानाखाली आधीच लिहून ठेवलेली 'प्रेरणा'ची ओळ लाल पेनानं खोडली. खाली लिहिलं, फरीदा शेख. मग अवघडून विचारलं, "हे दुसरं... हे पण छापायचं का?"

"माझं लिहिलेलं माझं. पण माप तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं."

तारामतीबाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. उठता उठता पदर सारखा केला आणि आमच्यापैकी कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "ढगळ नको, फरीदाबी. मापात शिवा."