पीपी नंबर

शेवटच्या वर्षाला होते मी, आणि कॉलेज कसलं, डोंबलाचं! सकाळी दोन तास, त्यातल्या एकाला सर यायचेच नाहीत. साडेदहाला मी बसवनगुडीच्या घरी परत. बाबा कारखान्यात, आई बँकेत. मग मोडेम लावायचा, त्याची ती किरकिर ऐकायची आणि चॅटवर जाऊन बसायचं. तिकडून कुणीतरी विचारणार, काय करतेस? मी लिहिणार, काही नाही, कंटाळा आलाय. तो म्हणणार, मलाही. असे तीन-तीन तास! उठावंसं वाटायचं, पण उठून करायचं काय?

खालच्या मजल्यावरच्या अक्कांकडे फोन नव्हता. त्या मूळच्या मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या, कानडी मुलखातल्या. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी राजाजीनगरच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. त्यावर तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे शेजाऱ्यांचा, म्हणजे आमचा नंबर 'पीपी' म्हणून दिलेला. फोन आला की आम्ही जिन्यातून हाक मारायची. मुलाखतीचं बोलावणं त्याच आठवड्यात येणार होतं.

रोज दुपारी त्या वर यायच्या. "फोन आला काय गं?"

"नाही, अक्का."

मोडेम चालू असताना फोन लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दहाच मिनिटं, दहाच मिनिटं म्हणत मी बसून राहायचे.

पुढच्या सोमवारी त्या स्वतःच शाळेत जाऊन आल्या. "तीन दिवस लावला म्हणे, सारखा एंगेज. मग दुसरीला घेतलं." वर मलाच म्हणाल्या, "तुमचा फोन बिघडलाय गं. येताना तक्रार देऊन आले."

आमच्या फोनसाठी, उन्हात रांगेत उभं राहून! तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. अजून स्वतःचा संताप होतो.

दोन दिवसांनी लाइनमन आला. रिसीव्हर कानाला लावून म्हणाला, "सरी आहे," म्हणजे फोन ठीक आहे. मग त्याला कंप्युटरकडे गेलेली वायर दिसली. "इंटरनेट? मग एंगेजच लागणार." अक्का दारातच उभ्या होत्या.

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्या दुसऱ्या शाळेचा आधीच भरून ठेवलेला अर्ज घेऊन वर आल्या आणि पेन मागितलं. मी दिलं. माझ्यासमोर त्यांनी आमचा नंबर खोडला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा लिहिला, आणि टोपण लावून पेन मला परत दिलं.