पोरींचा फ्लेक्स

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी जन्मभर सुरक्षा अधिकारी होतो. फाटकाशी एक काळी पाटी असायची, 'अपघाताविना दिवस', आणि तिच्यावरचा आकडा रोज सकाळी खडूनं बदलणं हे माझं आवडतं काम. कुणाचं बोट मशीनमध्ये गेलं की त्याची मलमपट्टी होते न होते तोच मी पाटीवर शून्य लिहायचो. लोक मला का टाळायचे, हे निवृत्तीनंतर थोडंथोडं कळायला लागलं.

पण पाटीची हौस गेली नाही. बदलापुरात तरुण पोरांना व्यसनापासून लांब ठेवण्यासाठी एक गट चालायचा, त्याची व्यवस्था मी अंगावर घेतली. व्यवस्था म्हणजे हॉलची किल्ली, चहा आणि सतरंज्या. पोरं गोल करून बसायची आणि आठवड्यात कुठे पाय घसरला, कुणी सावरलं, ते एकमेकांना सांगायची. वडीलधाऱ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही हा नियम. मी तो पाळायचो, कारण मधूनमधून मला हॉलमागच्या पाण्याच्या टाकीआड जावं लागायचं. माझ्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. व्यसनमुक्तीचं काम करताना ताण येतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

सुरुवातीला पोरीही त्याच गोलात बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. पोरं आपल्या पडझडीच्या गोष्टी पराक्रमासारख्या सांगायची आणि पोरी ओढणीची टोकं बघत बसायच्या. यांना बहुधा काही त्रासच नाही, असा निष्कर्ष मी काढला. मग त्यांच्यातली मोठी, जी स्वतः नशेच्या गोळ्यांतून बाहेर पडली होती आणि आता इतरांना धरून ठेवायची, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, मुलगा सुटला की त्याचा सत्कार होतो. मुलगी सुटली की लोक विचारतात, म्हणजे घेत होती का? आम्हाला वेगळी खोली द्या, वेगळा वार द्या. आणि तुम्ही दाराबाहेर बसा."

तेव्हापासून बुधवारी दुपारी पोरींचा गट भरायला लागला. घरी सगळ्या सांगायच्या, शिवणक्लासला जातो. कोपऱ्यात दोन जुनी मशीनं होती, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसून चपला राखायचो.

सात जणी होत्या. त्यांतली एक जवळच्या चामटोली गावची, एकोणीस वर्षांची. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. सीझनला काम रेटलं जावं म्हणून शेजारच्या बाईनं तिला खोकल्याचं औषध पाजलं होतं. पुढे खोकला नसतानाही बाटली लागायला लागली. हे मला तिनं नाही, मोठीनंच सांगितलं, तेही तोंड बंद ठेवायच्या अटीवर. ती स्वतः माझ्याशी एवढंच बोलायची. चप्पल शोधताना वर न बघता म्हणायची, "काका, सातवा आठवडा." मग आठवा. मग नववा. मला माझी पाटी आठवायची आणि हात शिवशिवायचे.

त्याच सुमारास आम्ही पोरांचा फ्लेक्स चौकात लावला होता. 'व्यसनाला नकार देणारे आमचे वाघ', खाली गोल चौकटीत चेहरे. पोरं जाम खूश. एकानं तर आपलाच फोटो छोटा का म्हणून भांडण काढलं. मग मला न्यायबुद्धीचा झटका आला. पोरांचा लागतो, तर पोरींचा का नाही? पहिल्या दिवशी चहाच्या वेळी 'रेकॉर्डला असू दे' म्हणून मी त्यांचा फोटो काढला होता. कुणाला विचारलं नव्हतं. कारखान्यात कधी विचारावं लागलं नव्हतं.

उल्हासनगरचा फ्लेक्सवाला सिंधी गृहस्थ. फोटो बघून त्यानं माऊसवरचा हात काढला. "साईं, लड़कियों का है. घर में पूछ लिया?" मी त्याला स्त्री-पुरुष समानतेवर चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. त्यानं निमूटपणे छापून दिलं. 'व्यसनाला नकार देणाऱ्या आमच्या लेकी'. गुलाबी पार्श्वभूमी माझी कल्पना.

सकाळी लावला आणि दुपारी मोठीनं तो माझ्याकडूनच उतरवून घेतला. शिडी तिनं धरली होती. मी खाली उतरल्यावर म्हणाली, "घडी नीट घाला, काका, चेहरे आत." पण तोवर कुणीतरी फोटो काढला होता आणि तो भावकीच्या ग्रुपांवर फिरत होता. पुढच्या बुधवारी दाराशी चपलांचे तीनच जोड होते. महिनाभरात बाकीच्या एकेक करून परत आल्या. चामटोलीची आली नाही. तिला बघायला येणाऱ्यांनी येणं रद्द केलं होतं, आणि बापानं तिचं कामही सोडवलं होतं, क्लासही.

मोठीनं मला सांगितलं, चामटोलीला जा, माफी मागा आणि परत या. भाषण करू नका. मी सगळं कबूल केलं.

तिचा बाप जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाळीनं कामाला जायचा, उरल्या वेळात भातशेती. तो दारातच म्हणाला, "साहेब, तुमी शिकलेली मानसं. आमची पोर नाक्यावर टांगाया तुमाला कुनी सांगितलं?" मी माफी मागितली. दारी आलेल्या माणसाला त्यानं बसवलं. पाणी आलं. तिथे मी उठायला हवं होतं. त्याऐवजी मी सुरू झालो, की तुमच्या मुलीचा निग्रह किती दांडगा आहे, अशी जिद्द मी मोठ्या मोठ्या माणसांत पाहिली नाही. तो ऐकता ऐकता सवयीनं तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर रीतीप्रमाणे त्यानं तळहात पुढे केला. मीही रीतीप्रमाणे चिमूट उचलली आणि ओठाखाली सारली. 'निग्रह' हा शब्द अजून तोंडातच होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काका, मी नऊ आठवडे बाटलीला शिवले नव्हते," ती म्हणाली. "तुम्हाला नऊ मिनिटं निघाली नाहीत."

मग बापाकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "घरात बसवल्यापासून दोनदा घेतली. कपाटात तुमच्या खोकल्याची होती, बाबा."

तोंडात तंबाखूचा बार असल्यामुळे मला बोलता येईना. आयुष्यात एकदाच मी योग्य वेळी गप्प बसलो, तो असा. बाप तळहातावरच्या उरलेल्या तंबाखूकडे बघत राहिला. ती टाकावी की खावी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. मला थुंकायला कुठे जावं ते कळत नव्हतं.

शेवटी आतून आई बाहेर आली, तिनं कपाट उघडून बाटली काढली आणि मोरीत रिकामी केली. "बुधवारी मी येन हिच्यासंगं," ती नवऱ्याला म्हणाली. "शिवनाचा क्लास हाय ना? मंग मीपन शिकन." बाप हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "फोटो नको."

बुधवारी दोघी आल्या. आई माझ्या शेजारी बसली, आत काय बोलतात म्हणून विचारलं. मी म्हटलं, मलाही माहीत नाही. मुलगी चप्पल काढताना म्हणाली, "काका, पहिला आठवडा. तुमचा?"

"तिसरा दिवस," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरं राहिलं.

पाटीवर शून्य लिहिताना माझा हात कधी अडखळला नव्हता. स्वतःचं शून्य सांगायला मात्र पुढचा बुधवार उजाडेपर्यंत मी मनात तीन-चार थापा तयार करून ठेवल्या. तिनं विचारलं, तेव्हा त्यांतली एकही बाहेर आली नाही. खरं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "मग आजपासून परत," म्हणाली, आणि आत जाता जाता, "सरकून बसा जरा. आईला जागा द्या."