मामांनी दाखवलेलं नांदेड

लातूर हे जगाच्या मध्यभागी आहे आणि पुणे, मुंबई, दिल्ली ही तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरची गावं आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिलाय. ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लातूरच्या गंजगोलाई बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बाहेरगावचं असल्याचा नुसता संशय आला, तरी हातातला कुकर बाजूला ठेवून ते त्याला लातूर कसं बघावं ते सांगू लागतात. रिक्षावाल्याला 'गंजगोलाई' म्हणायचं नाही, नुसतं 'गोलाई' म्हणायचं, म्हणजे तो आपला समजतो. दुपारी जेवून झोपायचं, कारण दुपारचं लातूर लातूरकरसुद्धा बघत नाहीत. निलंगा राईस गाड्यापाशी उभं राहूनच खायचा. घरी नेला की रुसतो. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा औशाचा किल्ला दाखवून झाल्यावर ते मला बासुंदी खायला उजनीला घेऊन गेले आणि माझी परतीची गाडी चुकली. "बरं झालं," मामा म्हणाले. "खरोशाची लेणी राहिलीच होती."

नांदेडचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती, कारण मामी नांदेडच्या. 'आमच्या नांदेडला नदी हाय' हे मामींनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की गोदावरी ही मामांना सासुरवाडीची कुणी आगाऊ बाई वाटू लागली होती. "नदी हाय, पण बघायला काय हाय?" ते विचारायचे, आणि मामींची भाकरी जरा जोरात थापली जायची. तिकडे लग्नाकार्याला गेले तरी जेवण उरकून संध्याकाळच्या बसनं परत.

साखरेच्या आजारानं मागच्या काही वर्षांत मामींची दृष्टी गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. यंदा उन्हं तापायच्या आधी त्यांनी एकदा माहेर बघायचंय म्हणून बोलून दाखवलं. 'बघायचंय' असंच म्हणाल्या. तिथं त्यांचं आता कुणी उरलं नव्हतं. मामांनी दुकान बंद ठेवलं. "जावईबापू, गाडी तुम्ही चालवा," ते म्हणाले. "मी हिच्याजवळ बसतो."

नांदेडला चौफाळ्यात मामींच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. मामींनी काच खाली करायला लावली.

"चिंच हाय का ओ?"

समोर मोबाईलचं दुकान होतं आणि वर शिकवणीची पाटी. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "हाय की. लई पसरलीया."

"आन् रसवंती?"

"ती बी हाय. बाकडी तीच."

"मग एक गिलास आणा."

मामा टोपी सारखी करून उतरले ते बराच वेळ आलेच नाहीत. परतले तेव्हा घामाघूम झालेले, आणि हातात रुमालानं झाकलेला उसाचा रस. कुठल्या तरी लांबच्या गाडेवाल्याचा काचेचा गिलास ते तसाच उचलून घेऊन आले होते. मामींनी एक घोट घेतला.

"आलं अजून कमीच घालतो."

"पण नांदेडच्या रसाला तोड न्हाई," मामा म्हणाले.

अर्धा रस ठेवून मामींनी गिलास मामांच्या दिशेनं धरला.

गाडेवाल्याचा गिलास परत करून, गुरुद्वारात माथा टेकून, लंगरात जेवून आम्ही घाटावर गेलो. मामांनी मामींना पायरीवर बसवलं आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं सगळं सांगितलं. पाणी कुठवर आहे, होडी कुठल्या अंगाला बांधलीय, कोणत्या पायरीवर कुणाची लुगडी वाळतायत. मामी मधूनच विचारायच्या, मामा पुन्हा सांगायचे. इथं त्यांना काही रचावं लागलं नाही.

परतताना अहमदपूरच्या पुढे मामी त्यांच्या खांद्यावर झोपल्या. मामांनी खिडकीची काच वर केली.

"गाव चांगलं हाय, न्हाई का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो.

"हिला दिसत होतं तवाच यायला पायजे होतं," मामा म्हणाले. "हिनंच दाखवलं असतं मला."