पिवळा बॉल माझा होता

अव्या गेला त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजून कीथवर जळतोय.

हो, जळतोय. सरळच सांगतो.

कीथ म्हणजे अव्याचा लंडनमधल्या क्रॉयडनचा शेजारी. सत्तरीचा, रिटायर्ड, भर उन्हाळ्यातही अंगात कार्डिगन. मी लीड्सला शिफ्ट झाल्यावर अव्याने धरलेला नवा गोल्फ पार्टनर.

गोल्फ म्हणजे ते श्रीमंतांचं नाही हं. समुद्राकाठचं क्रेझी गोल्फ. हिरवं कार्पेट, मध्ये पवनचक्की, तिच्या पोटातून बॉल पलीकडे काढायचा. सगळे याला लहान मुलांचा खेळ म्हणतात. आम्ही दोन घोडे त्यासाठी शनिवारी पहाटेची ट्रेन पकडायचो.

सुरुवात साउथएंडला झाली. पुण्याहून नुकतेच आलेलो, स्लाऊला एकाच घरात राहायचो. बँक हॉलिडेला समुद्र बघायला गेलो, तर समुद्रच जागेवर नव्हता. ओहोटी. नजर जाईल तिथपर्यंत नुसता चिखल.

अव्या म्हणाला, आता आलोच आहोत तर ट्रेनचं भाडं तरी वसूल करू. आणि समोरच्या क्रेझी गोल्फमध्ये घुसला.

त्याने लाल बॉल घेतला, मी पिवळा.

तेव्हापासून तेच. मार्गेट, हेस्टिंग्ज, ग्रेट यार्मथ, स्केगनेस. पाऊस असो, वारा असो, लाल त्याचा आणि पिवळा माझा. एकदा स्केगनेसला पिवळे संपले होते, तर या माणसाने तिकीट खिडकीतल्या मुलीला बॉलची अख्खी बादली उपसायला लावली होती.

प्रत्येक शॉटच्या आधी अव्या पोटावर झोपून उतार बघायचा. चांगल्या इस्त्रीच्या शर्टात. मागे क्यू लागायचा, हा ढिम्म.

बॉल आत गेला की कंडक्टरच्या आवाजात ओरडायचा, "चला, पुढे चला!"

मग मला दूर उत्तरेत, लीड्सला नोकरी लागली. त्यात मुलगी झाली. येतो रे, येतो रे, असं फोनवर चालू राहिलं.

आणि एक दिवस फेसबुकवर फोटो. हेस्टिंग्ज. अव्या पोटावर आडवा. शेजारी कीथ, हातात फ्लास्क.

आणि कीथच्या बुटापाशी पिवळा बॉल.

माझा पिवळा.

मी लाइक केलं नाही. बायको म्हणाली, अरे, सवत आल्यासारखं तोंड काय करतोस? मी म्हटलं, तसं काही नाही. तसंच होतं.

पुढच्या प्रत्येक फोटोत मी आधी बॉल शोधायचो. पिवळा असायचाच. अव्याला मात्र कधी विचारलं नाही. चाळिशीचा बाप्या बॉलच्या रंगावरून काय विचारणार?

मग अव्याला ऑफिसमध्येच अटॅक आला. विचारायचं राहूनच गेलं.

फ्युनरलला कीथ माझ्या पुढच्या रांगेत बसला होता. तेही लक्षात ठेवलंय मी.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. वर्षाच्या दिवशी साउथएंडला एक गेम खेळायला जातोय, येणार का?

साउथएंडला. अरे, ते आमचं आहे. तू कोण?

पण मी नसतो गेलो तर तो एकटा गेला असता, आणि अव्या सगळाच्या सगळा त्याचा झाला असता. म्हणून आज लीड्सहून निघालो.

खिडकीवर कीथने तीन बॉल मागितले. लाल, निळा, पिवळा. निळा स्वतः घेतला आणि पिवळा न विचारता माझ्या हातात ठेवला.

मी म्हटलं, पिवळा तुझा ना?

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"माझा? मला त्याने कधी हात लावू दिला नाही. पिवळा तुझा. आधी तो स्वतःचा बॉल खेळायचा, मग तुझा. दोन्ही वेळा पोटावर झोपून. मागचे लोक वैतागायचे."

मग म्हणाला, "आणि तू हरायचास. दर वेळी."

मी तिथल्या बाकावर बसलो. अव्या, नालायका, मी नसतानाही मला हरवत होतास.

कीथने फ्लास्कमधला चहा दिला. म्हणाला, खरं सांगू, मला तुझा कंटाळा आला होता. जाईन तिथे तू आधीच हजर. एकदा तो अव्याला म्हणालाही होता, त्या लीड्सवाल्याला एखाद दिवस घरी ठेव की.

अव्या म्हणाला होता, "नको, तो रुसेल."

मग लाल बॉल कोण मारणार यावरून आमचं वाजलं. दोघांनाही तोच हवा. शेवटी ठरलं, एक होल त्याने, एक मी.

शेवटचा होल माझ्या वाट्याला आला. तिथे बॉल आत गेला की पाईपमधून थेट खिडकीतल्या बादलीत जातो. परत मिळत नाही.

मी ओल्या कार्पेटवर पोटावर झोपलो. मागे एक फॅमिली थांबली होती. थांबू दे. कीथला गुडघ्यामुळे झोपता येत नाही, तो कमरेत वाकून उतार बघत होता.

लाल आत गेला. पाईपमध्ये खडखड झाली आणि मग तीही थांबली.

लाल पहिला, निळा दुसरा. मी परत हरलो, अव्या.

कीथवर मी अजून जळतो. तुझे शेवटचे उन्हाळे त्याच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत, आणि आता मिळायचेही नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही मार्गेटला जातोय. लालवर पहिला नंबर माझा, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

समुद्र आज जागेवर होता. तुला सांगायचं राहिलं.

चल अव्या. पुढे चल.