मेंढीच्या पाठीवरून

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी बारामतीच्या स्टँडवर येते आणि माहेरच्या गावाची गाडी धरते. चित्रकलेच्या बाई म्हटलं की लोकांना वाटतं, यांचं काय, पोरांना आंबा काढायला लावायचा आणि आपण खिडकीतून बघत बसायचं. प्रत्यक्षात माझे तास गणिताच्या सरांना हवे असतात आणि माझ्या वाट्याला फलकलेखन, रांगोळी स्पर्धा आणि मतदारयाद्या येतात. वीस वर्षं हेच चाललंय. दमलेय मी. त्या दमण्यातूनच ते व्हिडिओ सुरू झाले.

व्हिडिओ म्हणजे रील नव्हे. त्यात मी नाचत नाही की भाजी फोडणीला टाकत नाही. ज्या उंचीवरून रोज तेच ते बघते, ती उंची सोडली तर काय दिसतं, एवढंच मला बघायचं असायचं. तडा गेलेला एक जुना फोन होता. तो मी सायकलच्या चाकाला बांधला. गोठा, आभाळ, वहिनी, सगळं गरगर फिरलं. उसाच्या सरीत उताणा ठेवला. तासभर पाती हलत राहिली आणि मधल्या फटींतून आभाळ येत-जात राहिलं. एकदा पोहऱ्यात घालून विहिरीत सोडला. वर आला तेव्हा त्यात नुसता अंधार होता आणि "हळू, हळू" असा माझाच आवाज. दादा म्हणाला, "आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार?" त्याचा रोख विहिरीकडे नव्हता, माझ्या डोक्याकडे होता.

आबा, म्हणजे आमचे वडील, मात्र कधी हसले नाहीत. तरुणपणी ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. पुढे शेतात पाइपलाइन आली, ऊस आला, दादानं ट्रॅक्टर घेतला आणि कळप गेला. आबांनी हट्टानं सात मेंढ्या ठेवल्या होत्या. रोज सकाळी त्या घेऊन ते कालव्याच्या कडेनं जायचे, दुपारी जेवायला परत यायचे. त्यातली एक म्होरकी होती. ती पुढे आणि बाकीच्या आपोआप मागे.

तिच्या पाठीवर फोन बांधू का, असं विचारलं तर आबा म्हणाले, "बांध की. तिला कशाचं वजं हुतंय?" पर्सचा जुना पट्टा कापून मी तिच्या पोटाखालून फिरवला. पुढे तोंड केलं तर बाभळीच्या काट्यांत फोनचा चुराडा व्हायचा, म्हणून कॅमेरा मागच्या बाजूला ठेवला. रविवार होता. आबा मेंढ्या घेऊन गेले आणि मी खुशाल झोपले.

दुपारी सुरुवातीची दोन-तीन मिनिटं तेवढी बघितली आणि हरखून गेले. पांढऱ्या-काळ्या लोकरीचा हलता डोंगर, त्यात रुतलेली आबांची चार बोटं, वर त्यांचा चेहरा आणि मागून सहा तोंडं. मेंढीच्या चालीवर अख्खं गाव डोलत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी जमलं असं वाटलं. पुढचं बघण्याइतका धीर कुठला? जेवणं झाल्यावर मी ते सरळ टीव्हीला लावलं.

दादा, वहिनी आणि मी खाली बसलो होतो, आबा खाटेवर. आधी सगळे हसले. आबाही खुरांचा आवाज ऐकून म्हणाले, "चाललीय बघा कशी रुबाबात." मग समोरून आलेली मोटारसायकल पडद्यात शिरली आणि आबांच्या बाजूला हळू झाली. चालवणाऱ्यानं हात वर केला. आबा थेट त्याच्याकडेच बघत होते, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यानं हाक मारली तेव्हा कुठे ते हसले आणि मोठ्यानं राम राम केला. वहिनी हसायची थांबली.

पुढे कालव्यावरचा बिनकठड्याचा पूल आला. म्होरकी थांबली, तसे आबाही थांबले. त्यांची काठी हवेत चाचपडली, मग दगडाला लागली. एक पाय अर्धा कडेच्या बाहेर पडला. खाली पाणी होतं. मेंढी आत सरकली, लोकर धरलेला हात तिच्याबरोबर सरकला आणि त्या हातामागून आबा.

"आबांना दिसत न्हाय व्हय?" वहिनी हळूच म्हणाली.

टीव्हीवर मेंढ्या चालतच होत्या. आबांच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, कारण आम्ही सगळे काय बघतोय ते त्यांनाच तेवढं कळलं नव्हतं. मग त्यांना शांतता ऐकू आली असावी.

"बंद कर ते," ते मला म्हणाले.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलीय ती थेंबांनी टिकली तर टिकेल. पेपरात काय असतंय म्हणून त्यांनी पेपर सोडला होता. आम्ही त्याला म्हातारपणाचा तिरसटपणा म्हणालो होतो. घरात ते पावलांवरून माणूस ओळखायचे आणि बाहेर त्यांना म्होरकी होती. दोन वर्षं त्यांनी हे निभावलं होतं. मी एका रविवारात उघडं पाडलं, तेही हौसेपोटी.

दादाचं काय चुकलं? त्या वाटेनं उसाच्या ट्रॉल्या जातात. त्यानं मेंढ्या विकायचं ठरवलं. मी भांडले, निदान म्होरकी तरी ठेव म्हणाले. आबांनीच मला गप्प केलं. "एकली मेंढी ठिऊ नगं. दिसभर वरडंल आन खायाची न्हाय." मेंढ्या टेम्पोत चढल्या तेव्हा ते घरातच बसून राहिले.

लोक म्हणतात, बरं झालं, वेळेत कळलं. बरंच झालं असेल. पूल मीही बघितलाय. तरी मला माझा राग येतो. त्यांना एकट्याला विचारता आलं असतं. चार माणसांत, त्यांच्यासमोर, त्यांना न दिसणाऱ्या पडद्यावर दाखवायची काही गरज नव्हती.

आता दर शनिवारी मीच त्यांना कालव्याच्या कडेनं फिरवून आणते. सुरुवातीला मी खड्डा आला, दगड आला, असं सांगत चालायची. ते वैतागले. "बोलू नगंस. थांबायचं तितं नुसती थांब." तेवढं आता मला जमतं. व्हिडिओ बंद केलेत. फिरायला निघताना फोन वहिनीच्या ताब्यात देते, हे त्यांना माहीत आहे, मी दर वेळी सांगते. आबा मान हलवतात, खाटेवरून उठतात, माझे दोन्ही तळहात चाचपतात, मग खांद्यावरची पर्स. आत काही नाही अशी खात्री झाल्यावरच माझा दंड धरतात.