निपाणीच्या वखारीतला स्विच

निपाणीला जायला ऑफिसात कोणी तयार नव्हतं, म्हणून मी निघालो. पुण्याहून कोल्हापूर आणि तिथून साधी बस. कागल मागे पडलं, कोगनोळीचा टोलनाका गेला आणि दुकानांच्या पाट्या कानडीत दिसू लागल्या. शेजारच्या बाईंनी कंडक्टरकडे कानडीत तिकीट मागितलं, नातवाला मराठीत दटावलं आणि मला विचारलं, "कुठलं पावनं म्हनायचं?" पुण्याचा म्हटल्यावर "लांब आलासा की" म्हणत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. बाहेर दोन्ही अंगांनी ऊस. एरवी मला हा प्रवास आवडला असता.

आमच्या कंपनीचं निपाणीला एक छोटं डेटा सेंटर होतं. आसपासच्या पतसंस्था आणि दवाखान्यांची माहिती तिथल्या संगणकांत राहायची. हे संगणक ज्या पेटीतून एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलतात तिला स्विच म्हणतात. चपटी लोखंडी पेटी, पुढच्या अंगाला केबली खुपसायची भोकं, म्हणजे पोर्ट. हा स्विच दुपार झाली की अडखळायचा. पतसंस्थेच्या काउंटरवर माणसं ताटकळायची, संध्याकाळी सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. तिथली इंजिनीअर, सुजाता, सेटिंग बिघडवते असं पुण्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. निघताना साहेब म्हणाले होते, "तिचीच चूक असणार. बघून या आणि तसं लिहून द्या. मग तिला काढता येईल."

निपाणीच्या स्टँडवर उतरलो तर हवेला तंबाखूचा वास. सुजाता स्कूटर घेऊन आली होती. तिशीची, बोरगावच्या शेतकरी घरातली, बेळगावात शिकलेली. माझी हत्यारांची बॅग तिने पायापाशी ठेवली आणि माझ्याकडे न बघता स्कूटर चालू केली. कशाला आलोय ते तिला ठाऊक असावं.

डेटा सेंटर होतं तंबाखूच्या एका जुन्या वखारीत. भाडं कमी म्हणून कंपनीने ती जागा धरलेली. भिंतीला भिंत लावून दुसरी वखार, तिथे अजून तंबाखू कुटत होते, चाळत होते. आत शिरल्यावर ती एकदम म्हणाली, "सर, मी सेटिंगला हात बी लावलेला न्हाय. पर इतक्यांदा इचारलंय सगळ्यांनी, आता मलाच वाटाया लागलंय, मीच काय तर केलं असंल."

मी आधी सेटिंग तपासली. पुण्याला ठेवलेल्या प्रतीशी ताडून पाहिली. अक्षराचाही फरक नव्हता. मग कुठल्या पोर्टवर किती संदेश बिघडतात, त्या चुका बघत बसलो. ऊन चढू लागलं तशा शेजारशेजारच्या चार पोर्टांवर चुका वाढू लागल्या. बाकीचे पोर्ट स्वच्छ. केबल बदलली, फरक नाही. केबलीच्या टोकाला बोटाएवढा एक तुकडा असतो, प्रकाशाचा संदेश विजेत बदलणारा, तोही बदलला. तरी तेच. शेवटी तीच केबल, तोच तुकडा दुसऱ्या पोर्टात लावला आणि चुका थांबल्या. चांगली केबल त्या चारांपैकी एकात घातली, लगेच चुका सुरू.

"म्हंजे पेटीच गेलीया?" सुजाताने विचारलं.

"पेटीत काहीतरी आहे. पंखे बघू."

एक पंखा निम्म्या वेगाने फिरत होता. पंख्यांचा कप्पा मागून ओढून काढला तर पात्यांवर तपकिरी थर, बोटाने सोलून काढावा असा. तंबाखूची भुकटी. तिचा वास नाकात गेला आणि मी शिंकत सुटलो, मग तीही. शिंका थांबेनात तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "तपकीर वडल्यागत झालं की, सर!"

पेटी इतकी तापत होती तर तिने इशारा कसा दिला नाही, हा प्रश्न उरला. तो शोधायला वेळ लागला नाही. इशारे रोज जात होते, पुण्याला. रोजची कटकट नको म्हणून तिथे कोणीतरी ते पडद्यावर दिसणंच बंद करून टाकलं होतं.

पंख्यांचा नवा कप्पा सुजाताने लगेच मागवला; तो रातोरात बेळगावला कुरिअरवाल्याकडे येऊन पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीने तो आणायला निघालो. तवंदी घाट चढलो; वरून निपाणी चांगली दिसते. संकेश्वरपाशी उसाची एक ट्रॉली कलंडलेली, रस्ता बंद. गाडीतून उतरून आम्ही चहा घेतला. पुढे बेळगावात कुरिअरवाला माझं ओळखपत्र उलटसुलट करून कानडीत काहीतरी म्हणाला. मी हिंदीत उत्तर दिलं. त्याने खोकं परत फळीवर ठेवलं. मग सुजाता पुढे झाली, कानडीत दोन वाक्यं बोलली आणि खोकं काखेत मारून आली.

"काय म्हणाला?"

"कागदावर माझं नाव हाय, तुमचं न्हाय. तेवढंच."

घरच्यांसाठी मी कुंदा (खव्याची आटवलेली खरपूस मिठाई) घेतला. तिने काही घेतलं नाही. परतीच्या वाटेवर मात्र ती पहिल्यांदा मोकळं बोलली. कोल्हापुरातून दुसऱ्या नोकरीचं बोलावणं आलं होतं, पण आईच्या आजारपणात निपाणीची नोकरी सोडली नाही. आई गेली. आता वडील, आप्पा, एकटेच. रोज संध्याकाळी घरी पोचता येतं, एवढ्यासाठी ती या वखारीत टिकून होती.

नवे पंखे बसवले, पेटी निवली. पण ते चार पोर्ट काही सुधारले नाहीत. पेटीची स्वतःची तपासणी चालवली. त्या चौघांना सांभाळणारी चिप नापास झाली. बरेच दिवस तापून ती जळत आली होती. मी रिपोर्ट लिहिला: सेटिंग निर्दोष, बिघाड यंत्राचा, कारण शेजारची भुकटी, इशारे पुण्यात बंद. स्विच बदला आणि खोली धुळीपासून नीट बंद करून घ्या. पाठवण्याआधी सुजाताला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "उद्या घरला जेवायला या, सर. आप्पांनी सांगिटलंय."

बोरगावला आप्पा दारातच उभे होते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पोरीवरचं बालंट काढलासा, सायेब. लई दिस झोप न्हवती तिला." पानात ज्वारीची भाकरी, पुंडी (अंबाडीची भाजी), शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. आप्पा स्वतः वाढत होते. दुसरी भाकरी मोडत होतो तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी अंगणात गेलो.

"उत्तम रिपोर्ट," साहेब म्हणाले. "ती जागाच सोडू. वरच्यांच्या मनात होतंच, फक्त कारण मिळत नव्हतं. सगळं पुण्याला हलवू."

"खोली बंद करून घेतली तरी पुरेल, साहेब. शिवाय इशारे—"

"ते इशाऱ्यांचं पान लागणार नाही."

"आणि सुजाता?"

"सेंटरच नाही म्हटल्यावर तिचं काय?"

आत आलो. लपवावं असं क्षणभर वाटलं. पण त्यांच्या घरात जेवताना ते जमणार नव्हतं. मी जे ऐकलं ते सांगितलं.

आप्पांच्या हातात दह्याची वाटी होती. ती त्यांनी सावकाश खाली ठेवली. "म्हंजे तिची चूक न्हाय, ह्ये कंपनीला पटलं?"

"हो."

"आनि नोकरी बी गेली."

मी मान डोलावली.

"मग ह्ये बरं झालं म्हनायचं का वाईट, सायेब?"

त्या आवाजात राग नव्हता. माणूस खरोखरच विचारत होता. सुजाता भाकरीकडे बघत म्हणाली, "आप्पा, त्यास्नी जेवू द्या." तिने माझ्या पानात भाजी वाढली. मी जेवलो. चव लागली नाही.

इचलकरंजीवरून कोल्हापूर गाठलं. ती मला बसपर्यंत सोडायला आली होती. "तुमी खरं लिवलासा," एवढंच म्हणाली. त्यात आभार होते की नव्हते, मला सांगता येणार नाही.

पुण्याच्या बैठकीत साहेबांनी माझं कौतुक केलं. पडद्यावर माझा रिपोर्ट होता, इशाऱ्यांचं पान वगळून. मी त्या पानाविषयी विचारलं. "तो विषय आता संपला," असं उत्तर मिळालं आणि टाळ्या पडल्या. निपाणीचं सेंटर बंद झालं. सुजाताला पुण्याला येण्याविषयी विचारलं गेलं. आप्पांना सोडून ती येणार नव्हती, आणि ते विचारणाऱ्यांना माहीत होतं.

बिघाड शोधणं हे माझं काम आहे आणि ते मला येतं. तो सापडल्यावर काय करायचं ते ठरवणारी माणसं निपाणीला कधी गेलेली नाहीत.